शेवंतीच्या रानातलं कुत्रं

दौंडला जनावरांच्या एका दवाखान्यात मी मांजर घेऊन बसले होते. शेजारी खुटबावकडचे एक आबा होते. त्यांचं म्हातारं कुत्रं सारखं थरथरत होतं आणि ते त्याच्या अंगावर आपलं उपरणं पुन्हा पुन्हा सारखं करत होते.

"थंडी न्हाई, ताप न्हाई, तरी कापतंय बघा," असं येईल त्याला सांगत होते.

डॉक्टरांनी तपासून विचारलं, "दिवसभर असतं कुठं?"

"माझ्यामागं. मी शेवंतीवर औषध फवारतो, हे ओल्या सरीतनं चालतं. मग बसून पाय चाटतं."

"तेच विष भिनलंय. इंजेक्शन देतो, पण फवारणीला नेऊ नका. घरी बांधून ठेवा."

इंजेक्शन झालं. आबांना पट्ट्यात साखळीचा हूक काही अडकवता येईना, त्यांची बोटं कुत्र्यापेक्षा जास्त थरथरत होती. शेवटी मीच तो लावला.

"आबा, तुमचेही हात कापतायत. कुणाला दाखवलंत?"

"माझं वयानं हाय."

"वय कुत्र्याचंही झालंय की!" मी चिडले.

ते हसले. "त्याला घरी बांधायला मी हाय, ताई. मला कोन बांधतंय?"