न चावलेले तांदूळ

सुलतान बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी रहस्यकथांची एक मालिका आणते. तिच्यातल्या हेरावरून घरात माझी यथेच्छ टिंगल होते. "साठीला टेकली, तरी चोर-पोलीस सुटत नाही," नवरा म्हणतो. म्हणू दे. त्या हेराला बंदूक धड चालवता येत नाही, बायका त्याच्यावर भाळत नाहीत. पण हातात पुरावा असल्याशिवाय तो कोणाला चोर म्हणत नाही, वरिष्ठांनी कितीही डोळे वटारले तरी. मला तेवढं पुरतं.

चिक्कडपल्लीला माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात, आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांच्या लेकीच्या बाळाचं बारसं होतं. जेवणं झाली आणि अक्कांची नथ सापडेना. सगळ्यांच्या नजरा अक्कांच्या नव्या सुनेकडे वळल्या. ती तेलुगू, मुलानं आपल्या मनानं केलेली. एवढंच कारण.

अक्कांनी गावाकडचा जुना तोडगा काढला. देवापुढचे तांदूळ मंतरून प्रत्येकीला चिमूटभर द्यायचे, चावून केळीच्या पानावर थुंकायचे. जिचे कोरडे निघतील ती चोर. शिकल्यासवरल्या बायका मुकाट ओळीनं बसल्या.

सून सारखी ओठांवरून जीभ फिरवत होती. भीतीनं कोणाचंही तोंड कोरडं पडतं, हे कळायला हेर व्हावं लागत नाही. तिचे तांदूळ कोरडेच निघणार आणि तिचा संसार त्याच दिवशी उठणार, हे मला दिसत होतं. माझं डोकंच फिरलं.

माझी पाळी तिच्या आधी आली. मी तांदूळ परत ताटात टाकले.

"मी चावणार नाही."

"जी चावणार नाही, तिच्याच मनात पाप," अक्का म्हणाल्या.

"मग माझंच नाव घ्या. पण पुरावा नसताना हिला चोर ठरवू देणार नाही."

नवरा कानाशी लागला. "खालीपिली लफडा नक्को करू. चाव आणि मोकळी हो."

मी जागची हलले नाही. अक्का ताट उचलून आत गेल्या. त्यांना त्यांचा चोर मिळाला होता.

नथ आजवर सापडलेली नाही. माझ्या हेरानं ती शेवटच्या पानावर काढून दाखवली असती, मला ते जमलं नाही. पण त्याच्या शोधण्यावर मी कधी भाळलेच नव्हते. चोर कोण हे त्यालाही ठाऊक नसतं, तेव्हा तो कोणाच्या बाजूनं उभा राहतो, ते वाचायला मी पुस्तक उघडते.

अक्कांकडचं हळदीकुंकू मी चुकवत नाही. चांगली जरीची साडी नेसून जाते. मी आत शिरले की अक्का सगळ्यांदेखत कपाटाला कुलूप घालतात. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. सून मला हळदीकुंकू लावते ते खाली बघून, आणि लगेच पुढं सरकते. तिला त्या घरात नांदायचंय. मी बसते, वाण घेते आणि सगळ्यांत शेवटी उठते.