बांधामागचं चौथं घर

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दक्षिण जर्मनीत, इंगोलश्टाटला आमच्या ऑफिसच्या कँटीनच्या रांगेत उभी होते. फोन फ्राऊ टियाडेनचा, म्हणजे कुंदाच्या शेजारणीचा. पंचाहत्तरी ओलांडलेली, गायी पाळणारी बाई. प्रस्तावना वगैरे तिला जमत नाही. "सकाळी गेली," ती म्हणाली. "तुम्ही या. मला फार बोलता यायचं नाही." मी रिकामा ट्रे तिथेच ठेवून बाहेर आले. रडू आलं नाही... राग आला. पुढच्या आठवडाभरात श्रद्धांजलीचे जे मेसेज फिरले, त्यांतल्या बहुतेकांत ‘आजाराशी झुंज अपयशी’ असं लिहिलेलं होतं, आणि तो राग वाढतच गेला. कुंदा आजाराशी झुंजलीच नाही. आजाराला तिने औषधपाणी केलं, रजेचे अर्ज भरले, आणि उरलेला सगळा वेळ ती वेगळ्याच गोष्टीसाठी भांडली. तिच्याबद्दल लिहायचं तर त्या भांडणाबद्दलच लिहायला हवं.

आमची ओळख आखनची, जर्मनीत शिकायला आलो तेव्हाची. होस्टेलचा एकच मजला, एकच स्वयंपाकघर. मी पुण्याहून गाड्यांची इंजिनं शिकायला आलेली, ती अलिबागजवळच्या खारेपाटातून पाणी शिकायला. खारेपाट म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं. "तुम्हा पुण्याच्या लोकांना समुद्र म्हणजे सुट्टी," असं ती म्हणायची. मग कांदा चिरता चिरता सांगायची. खाडीचं पाणी मातीच्या बांधाने अडवायचं आणि आतल्या जमिनीत भात पिकवायचा, ही तिथली शेती. बांधाला खेकडे बिळं पाडतात, आणि उधाणाची भरती त्या बिळांतून आत शिरते. म्हणून प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर जायचा, बिळं बुजवायचा, चिखलाची ढेपळं लावायचा. पाळी चुकवलेली चालायची नाही. या व्यवस्थेला तिच्या गावात ‘जोळ’ म्हणत. पुढे बांध सरकारने ताब्यात घेतला आणि लोक म्हणू लागले, आता सरकार बघेल. सरकारने बघितलं नाही आणि गावाने बघायचं सोडून दिलं. कुंदा दहावीत असताना एका उधाणात बांधाला खांड पडली, बांध फुटून खाडी आत आली. तिचे वडील गुडघाभर खाऱ्या पाण्यात, आपल्याच शेतात, नुसते उभे होते. त्या शेतात पुन्हा भात झाला नाही. हे सांगताना तिचा आवाज कधी हलायचा नाही, पण सुरी मात्र फळीवर फार जोरात चालायची.

शिक्षण संपल्यावर मी दक्षिणेला आले आणि ती उत्तर समुद्राच्या काठावर, तिथल्या राज्याच्या किनारा संरक्षणाच्या खात्यात लागली. महिनाभरात तिचा फोन. "अगं, इथे जोळ आहे! चक्क कायद्यातली जोळ!" मग सविस्तर व्याख्यान झालं. बांध उभारायचा किंवा उंच करायचा तर पैसा राज्य आणि केंद्र मिळून देतात. त्याची रोजची निगा मात्र बांधामागे राहणाऱ्यांच्या संघटनेची. तिला डाइशफरबांड म्हणतात. मागे जमीन असली की माणूस आपोआप सभासद, वर्गणी टळत नाही. वर्षातून दोनदा शेतकरी, अधिकारी, सगळे मिळून तो बांध पायी चालत तपासतात. "आणि केंद्राचा पैसा म्हणजे तुझ्याही पगारातला बरं का," ती खूश होऊन म्हणाली. "तुझ्या गाड्या, माझी माती." ती इतकी आनंदात होती की मी तिला मध्ये थांबवलंही नाही.

दोन हजार चौदाच्या वसंतात मी तिच्याकडे सुट्टीला गेले होते तेव्हाची गोष्ट. समुद्र चढतोय म्हणून राज्य कोणकोणते बांध उंच करायचे याची नवी यादी करत होतं, आणि त्या यादीतून एक तुकडा वगळायचा विचार चालला होता. त्या तुकड्यामागे फक्त चार शेतघरं होती. त्यांच्याही मागून नवा, आखूड बांध घातला की काम सोपं, खर्च कमी; आणि ती चार घरं पाण्याच्या बाजूला, म्हणजे उठवावीच लागणार. या विषयावर गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बैठक होती. कुंदाने मला मागच्या बाकावर बसवलं आणि स्वतः पुढे उभी राहिली. घरं हलवण्याआधी त्या घरांकडून काय मिळतं ते बघा, असं तिला सांगायचं होतं. सांगायच्या भरात तिने आपल्या गावचा शब्द फळ्यावर रोमन लिपीत लिहिला. Jol. आता जर्मन माणूस ज चा य वाचतो. हॉलभर ‘योल’ झालं, आणि यॉले म्हणजे त्यांच्या भाषेत छोटी होडी. संघटनेचा म्हातारा प्रमुख सावकाश उठला. "आल्झो, म्हणजे," तो म्हणाला, "राज्याचं ठरलं तर. बांध नाही. घरटी एक होडी." मागून कुणीतरी ओरडलं, "वल्ह्याची की मोटरची?" आणि मग जो गोंधळ झाला! त्या चारांतल्या एका घरातली फ्राऊ टियाडेन तर ते खरं मानून, कोट चढवून निघालीच होती. कुंदा कानापर्यंत लाल झाली. मी मागे बसून हसू दाबत होते, हे आता कबूल करते.

पण तिने फळा पुसला नाही. दहा मिनिटांनी आवाज खाली आल्यावर तिने त्या लोकांना आपलं गाव सांगितलं. बिळं, पाळी, खांड, गुडघाभर पाण्यातले वडील, सगळं, खडबडीत व्याकरणाच्या जर्मनमध्ये. तिचा साहेब पहिल्या रांगेत होता. तो शांतपणे म्हणाला, "चार घरांसाठी, फ्राऊ म्हात्रे?" त्यावर कुंदा जे म्हणाली ते मला शब्दशः आठवतं. "चार घरं बांधाकडे रोज बघतात. मी ऑफिसातून वर्षात दोनदा बघते. तुम्ही घरं उठवाल, मग नव्या बांधाकडे कोण बघणार? मी?" फ्राऊ टियाडेनने कोट काढला आणि पुन्हा बसली.

निर्णय काही लागला नाही, फाइल वर्षानुवर्षं फिरत राहिली. दरम्यान चौथ्या घरातलं कुटुंब कंटाळून शहरात गेलं. आता तीनच घरं उरली, आणि खात्यात हा मुद्दा लगेच मांडला गेला. कुंदाचा आजार तोवर कळलेला होता. तिने काय करावं? ते रिकामं घर भाड्याने घेतलं आणि राहायला गेली. खात्याने कळवलं की तिथे राहायचं तर त्या तुकड्याची फाइल तुमच्याकडे ठेवता येणार नाही. "गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली आणि फाइल देऊन टाकली. नियम बरोबरच होता, असं तिचंही मत होतं. मी मात्र फोनवर तोंड सोडलं. "वेडी आहेस का? हॉस्पिटल किती लांब पडेल! मरायला चालली आहेस का तिथे?" ती म्हणाली, "मरायला कुठेही येतं गं. राहायला इथेच यायला हवं होतं." त्या बोलण्याचा मला तेव्हा संताप आला होता. आजही येतो, पण आता तिचं बरोबर होतं म्हणून येतो.

दोन वर्षं राहिली ती तिथे. ताकद होती तोवर रोज बांधाच्या आतल्या अंगाने चालायची. कुठे जमीन ओली लागते, कुठे मेंढ्यांनी गवत उखडलंय, कुठे उंदरांनी पोखरलंय, हे संघटनेला कळवायची. नंतर नंतर खिडकीतूनच बघायची आणि फ्राऊ टियाडेनला पिटाळायची.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी राज्याचं पत्र आलं. मी घर आवरायला तिथेच होते. फ्राऊ टियाडेनने चष्मा लावून ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. तुकडा यादीत राहिला होता. बांध उंच होणार! मी तिला मिठी मारणार इतक्यात तिने बोट वर केलं आणि पुढची ओळ वाचली : सध्याची चार घरांची वस्ती कायम आहे, या आधारावर. मी त्या रिकाम्या घरातल्या खुर्चीत बसले आणि तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडले. कुंदाला हे कळायला हवं होतं. तीन आठवडे. एवढंसुद्धा लवकर करता आलं नाही सरकारला, की थांबता आलं नाही तिला, कुणाला दोष द्यावा...

रडून झाल्यावर मी घरमालकाला फोन केला आणि भाडेकरार माझ्या नावावर करा म्हणून सांगितलं. मग ऑफिसला कळवलं की हिवाळाभर बिनपगारी रजा हवी. नवरा म्हणाला, "अगं, देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला?" मुलाने विचारलं, "ममा, श्पिन्स्ट डू?" म्हणजे डोकं फिरलंय का तुझं. मी म्हटलं, हो. एका भाडेकरणीने समुद्र अडत नाही हे मलाही कळतं. हिवाळ्यानंतर काय, हे मला आज माहीत नाही. पण त्या कागदावर चार लिहिलं आहे, तर चार भरतील. कुणी मोजायला आलं तर दार मी उघडीन.

आनमेल्डुंगच्या खिडकीवरची मुलगी, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंद करणारी, फॉर्म बघून चकित झाली. "इथे? आत्ता? वादळांच्या दिवसांत?"

"हो," मी म्हणाले. "वादळांच्याच दिवसांत."

घरी येऊन दारावरच्या बेलशेजारी नाव लावायला घेतलं. नाव नसेल तर इथे टपाल येत नाही. कुंदाच्या नावाची पट्टी काढायला पेचकस लागला असता. मी तो शोधला नाही. तिच्या पट्टीखाली माझी चिकटवली. फ्राऊ टियाडेन कुंपणापलीकडून बघत होती. तिने दोन्ही नावं अक्षर अक्षर लावून वाचली, मग माझ्या पायांतल्या शहरी बुटांकडे पाहिलं.

"उद्या सकाळी आठला बांधावर," ती म्हणाली. "पाळी तुमच्या घराची आहे."