मल्लप्पाचा धोंडा आणि रुसलेले मासे

मल्लप्पा सोलापुरात मिलमध्ये बॉयलरवर फायरमन होता आणि सुट्टीच्या दिवशी मिलमागच्या तळ्यावर गळ टाकून बसायचा. म्हणजे आठवडाभर तळ्याचं पाणी तापवायचं आणि रविवारी त्यातले मासे का रुसले म्हणून तळ्यालाच शिव्या घालायच्या, असा एकूण त्याचा उद्योग. बॉयलरचं गरम पाणी मोरीतून तळ्यात पडे आणि त्या मोरीच्या तोंडाशीच त्याच्या बापाचा धोंडा होता. तळ्यावरची रीत अशी, की ज्याचा धोंडा त्याचा, आणि बाप गेला की पोराचा. दुसऱ्याच्या धोंड्यावर बसणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. आणि मासा कुठं लागतोय हे कुणी कुणाला सांगायचं नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही.

सख्खा भाऊ होताच, बिरप्पा. घरात त्याला ‘तम्मा’ म्हणत, कानडी मुलखाकडून आलेल्या घरांत धाकट्याला म्हणतात तसं. बाप गेल्यावर वाटणी झाली. घर मल्लप्पाला आलं, गावाकडची मेंढरं बिरप्पाला गेली, पण धोंड्यावर घोडं अडलं. शेवटी मल्लप्पानं थोरलेपणाच्या हक्कानं त्यावर बूड टेकलं आणि विषय संपवला. बिरप्पा तिरीमिरीत तळ्याच्या पलीकडे जाऊन तिथल्या एका धोंड्यावर बसू लागला. तिथं एक जुनी विहीर पाण्याखाली गेलेली होती आणि चिटपाखरू फिरकत नव्हतं. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद झालं. आई म्हाळसाबाई मल्लप्पाकडे राहिली. बिरप्पा त्या घराची पायरी चढेना.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि मिलनं दुसरा बॉयलर बसवला. थंडीत मल्लप्पाची चैन झाली. उबेला मासे मोरीपाशी गोळा व्हायचे आणि हा मिशीला पीळ देत ओढायचा. होळी झाली, ऊन चढलं, तशी मोरीपुढचं पाणी नुसतं वाफाळायचं बाकी राहिलं. मासे पलीकडे पळाले. बुडालेल्या विहिरीचे झरे अजून जिवंत होते, तिथलं पाणी गार होतं. साऱ्या तळ्याला हे कळलं, एक मल्लप्पा सोडून.

“करणी केलीय त्यानं,” तो बायकोला म्हणाला.

“अवो, पान्यात हात घालून बगा की. चटका बसतोय,” नीलम्मा म्हणाली.

“मला पान्याचं शिकवू नगंस. मीच तापवतो ते!”

मे महिन्यात म्हाळसाबाईला ताप आला. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. पेज दिली तरी तोंड फिरवायची. पोटात काही गेलं नाही तर म्हातारी टिकायची नाही, असं डॉक्टर सांगून गेले. मल्लप्पाचा आईवर फार जीव. बॉयलरच्या तोंडाशी न घाबरणारा गडी, पण त्या दिवशी तो आईच्या उशापासून हलेना.

“तळ्यातला मासा आन,” म्हातारी म्हणाली. “मग खाते.”

मल्लप्पा पहाटेपासून धोंड्यावर तळत बसला. गळाला एक फाटकी चप्पल लागली, तीही डाव्या पायाची. मग त्यानं अक्कल चालवली. बाजारात जाऊन मुंबईहून बर्फात आलेली सुरमई घेतली आणि तळ्यातली म्हणून आईपुढे धरली. मोतीबिंदूनं म्हातारीला दिसत नव्हतं. पण बोटांना कुठला मोतीबिंदू? तिनं मासा चाचपला.

“खवलं कुटं गेली रं ह्याची?”

“उन्हानं गळाली.”

“आन् ह्यो एवढा गार कसा?”

“खोल पान्यातला हाय.”

“तुज्याकडचं पानी च्याला चालंल, मल्ल्या! मला शेंड्या लावतोस व्हय?” म्हातारीनं मासा ढकलला आणि भिंतीकडे तोंड केलं. “मासं कुटं हायत ते तुला ठावं हाय. तितं जा.”

रणरणत्या उन्हात मल्लप्पा तळ्याला वळसा घालून निघाला. तमाशा बघायला लोकांनी आपापले गळ वर काढले. बिरप्पाच्या धोंड्यापाशी येऊन तो उभा राहिला. वाटेत जुळवलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं.

“आई जेवंना,” एवढंच तो म्हणाला.

बिरप्पानं वर पाहिलं नाही. तो फक्त धोंड्यावर बाजूला सरकला. मल्लप्पा अर्ध्या बुडावर बसला आणि त्यानं पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं, अगदी माठातल्यासारखं. करणीबिरणी सगळी तिथंच विरघळली. त्याला भयंकर लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

रोहू लागला तो बिरप्पाच्याच गळाला. दोघं मिळून घरी आले. म्हाळसाबाईनं मासा चाचपला, खवलं मोजल्यासारखी बोटं फिरवली आणि “ह्यो हाय आपला,” म्हणाली. मग तिचा हात पुढं सरकत मासा धरलेल्या बिरप्पाच्या मनगटावर गेला. ते मनगट तिनं बराच वेळ सोडलं नाही. जेवताना मात्र तिनं माशाचं डोकं मागून घेतलं, रस्सा वरपला आणि मीठ कमी पडलं म्हणून नीलम्माचा उद्धार केला.

पुन्हा थंडी पडली. मासे ऊब शोधत परत मोरीपाशी आले. पलीकडे बिरप्पा रिकामा गळ धरून बसलेला. भावाकडं जागा मागायला त्याची जीभ रेटत नव्हती. मल्लप्पानं थोडा वेळ पाहिलं. मग तो धोंड्यावर उभा राहिला आणि तळ्यावर आजवर कुणी केलं नव्हतं ते त्यानं केलं.

“तम्मा, हिकडं ये की! मासं हितं हायत!”

अर्थात बोंब साऱ्या तळ्यानं ऐकली. पुढच्या रविवारी मोरीपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. बापाच्या धोंड्यावर बिरप्पा ऐसपैस बसला होता आणि मल्लप्पा त्याच्या मागं चिखलात उकिडवा बसून त्याच्या खांद्यावरून गळ टाकत होता.