चांदण्या काढलेला लेख

देवरे सर एक वाक्य तीन ओळींत लिहीत. वरच्या ओळीत माणूस बोलला तसं. मधल्या ओळीत प्रत्येक शब्दाच्या बरोबर खाली त्याचा अर्थ. तिसऱ्या ओळीत पूर्ण वाक्याचं मराठी. शेवटी बोलणाऱ्याचं नाव आणि गाव. अमळनेरच्या कॉलेजात ते मराठी शिकवत आणि सुटीच्या दिवशी एस.टी.ने खेड्यांत जाऊन अहिराणी बोलीतली वाक्यं जमवत. नाव कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वाक्य तिचं आहे. मी फक्त हमाल."

ती म्हणजे बोरी नदीकाठच्या एका गावातल्या सखूअक्का. सर बरोबर वाक्यांसोबत मुद्दाम चुकीची वाक्यंही रचून त्यांना ऐकवत. एकदा मी सोबत होतो.

"मना पोऱ्या मोठा शे," सर म्हणाले; म्हणजे माझा मुलगा मोठा आहे. अक्कांनी बरोबर म्हणून मान डोलावली.

"पोऱ्या शे मोठा मना?"

शेंगा फोडणारे अक्कांचे हात थांबले. "आसं बोलाले मी काय येडी शे? सर, तुम्ही कालेजात हाईच शिकाडतस का?"

सर खूश झाले. अशा नाकारलेल्या वाक्याआधी ते चांदणीची खूण (*) करत. चांदणी म्हणजे असं कोणी बोलत नाही. "चूक मी रचतो," ते म्हणत, "पण ती चूक आहे हे फक्त अक्का सांगू शकतात."

जळगावच्या एका दैनिकात तेव्हा मी रविवारची पुरवणी पाहत असे. सरांचा लेख मीच मागून घेतला. पान लावताना एक जाहिरात आली, म्हणून खुणांचा अर्थ सांगणारा परिच्छेद कापला. आमच्याकडे चांदणी म्हणजे तळटीप, आणि तळटीप तर कुठे नव्हती. म्हणून चांदण्याही काढून टाकल्या. अक्कांचं नाव आणि गाव तेवढं राहिलं. त्यांनी नाकारलेली सगळी वाक्यं त्यांचीच म्हणून छापली गेली.

गावात ती मोठ्यानं वाचली गेली. अक्का बाजाराला निघाल्या की कोणीतरी त्यातलं एखादं मागून म्हणे आणि सगळं गाव हसे. सर त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या दारातच म्हणाल्या, "मनं नाव कसाले छापं? बठ्ठं गाव मनावर हासस."

दुसऱ्या दिवशी सर कार्यालयात आले. आवाज न चढवता म्हणाले, "चार ओळींचा खुलासा छापा. अक्कांच्या नावानिशी." संपादकांनी त्यांच्यासमोरच मला विचारलं, मूळ प्रतीत चांदण्या होत्या का? प्रत माझ्या खणात होती. मी म्हणालो, "नव्हत्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "ठीक आहे," म्हणाले आणि गेले. खुलासा छापला गेला नाही.

अक्का पुन्हा त्या कामाला बसल्या नाहीत. सरांनी दुसरं कोणी शोधलं नाही. त्या वाक्यांवरून ते लिहीत असलेलं अहिराणीच्या व्याकरणाचं पुस्तक अर्धंच राहिलं. निवृत्तीनंतर ते धुळ्याला मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. बातमी मीच लिहिली. त्या लेखाचा उल्लेख टाळला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी अक्कांकडे गेलो. अंगणात त्या सुनेला हातवारे करत अहिराणीत काही सांगत होत्या. मला पाहून गप्प झाल्या. मी सांगितलं, चूक सरांची नव्हती, माझी होती. नंतर खोटंही मीच बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेक शब्द तपासून घेत, शहरी मराठीत म्हणाल्या, "बरं झालं आपण आलात. चहा घेणार का?"

सून त्यांच्याकडे पाहतच राहिली. मी होतो तोवर अक्का अहिराणीत एक शब्द बोलल्या नाहीत.