वारा अडवता अडवता

चहा येईपर्यंत माझी एक फजिती ऐकून घ्या. बायकोची सगळ्या नातेवाइकांना सांगून झालीय, आता तुमच्यापासून लपवून काय उपयोग?

तर, मी नवी मोटारसायकल घेतली. पण त्याआधी एक कबूल करतो. नवीन वस्तूवरचं प्लास्टिक मी काढत नाही. वस्तू चांगली राहते हो! टीव्हीचा रिमोट आमच्याकडे अजून पिशवीत आहे. सोफ्याच्या प्लास्टिकवरून तर वैशाली, म्हणजे आमची ही, माझ्याशी इतकी भांडली, की शेवटी तह करावा लागला. घरात प्लास्टिकचा विषय काढायचा नाही! मे महिन्यात पाहुणे त्या सोफ्यावरून उठताना टर्रर्र असा आवाज यायचा, पण विषय कुणी काढायचा नाही.

मोटारसायकल घेतली ती रविवारसाठी. माझी नोकरी अंधेरीला, वैशालीची ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची. आठवडाभर आमचा संवाद म्हणजे "डबा घेतलात का?" आणि "गॅस बंद कर." म्हणून ठरवलं, रविवारी सकाळी शांती नगरहून निघायचं, उत्तनला जायचं, समुद्र बघायचा, सुकट घ्यायची आणि जाता-येता पोटभर गप्पा मारायच्या.

गप्पा कसल्या, डोंबल! भाईंदरची गर्दी मागे पडून मोकळा रस्ता लागला, की माझ्या कानात जे सुरू व्हायचं! फडफड फडफड, घूं घूं, पुन्हा फडफड. मागून वैशाली काहीतरी सांगतेय एवढं कळायचं. काय सांगतेय, देव जाणे. मी आपला मान हलवून ओरडायचो, "हो, हो!"

तिला मात्र काहीच त्रास नाही. ती माझ्या आडोशाला बसते, तिला वारा लागतच नसणार, असं मी ठरवून टाकलं. म्हणजे माझ्यापुढेही आडोसा हवा. म्हणजेच विंडशील्ड!

मीरा रोडला जिग्नेशभाईंचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. मी मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ बघून गेलेलो, त्यामुळे दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनाच शिकवायला लागलो.

"जिग्नेशभाई, पहले हवा का खेल समझो. हवा सामने से आती है..."

"हाँ सर, पीछे से किधर आएगी," जिग्नेशभाई म्हणाले. "छोटा दूँ कि बड़ा?"

आधी छोटं घेतलं. छातीवरचा वारा थांबला, पण काचेवरून उडालेली हवा थेट हेल्मेटवर येऊन आदळायला लागली. डोकं देवळातल्या घंटेसारखं हलायचं. मग मधलं घेतलं. डोकं हलायचं थांबलं, फडफड तशीच. मग म्हटलं आता माघार नाही, आणि दुकानातलं सगळ्यांत उंच विंडशील्ड लावलं. इतकं उंच, की शांती नगरच्या सिग्नलला पिशव्या घेतलेल्या एक बाई वाकून विचारतात, "स्टेशन जाएगा क्या?" रिक्षा समजल्या हो त्या!

त्या तिन्ही विंडशील्डवरचं प्लास्टिकही अर्थातच मी काढलं नाही. आधीची दोन माळ्यावर आणि तिसरं गाडीवर. त्यातून रस्ता जरा धुक्यातला दिसायचा. महाबळेश्वरला आल्यासारखं वाटायचं, तेवढंच समाधान.

पुढच्या रविवारी मी त्या उंच काचेआड पार वाकून, मान आत ओढून बसलो. अंगाला एक झुळूक लागत नव्हती. आणि कानात? फडफड फडफड! उत्तनला बोंबील वाळत घातले होते, तिथे गाडी थांबवली आणि उतरलो तो संतापलेलाच.

"फसवलं त्या जिग्नेशभाईने! अजून आवाज येतोय!"

"येणारच. मी केव्हाची सांगतेय," वैशाली म्हणाली.

"काय सांगतेयस?"

तिने माझ्या उजव्या कानाकडे हात नेला, चिमटीत काहीतरी धरलं आणि ओढलं. चर्रर्र!

हेल्मेटच्या काचेवरचं पातळ प्लास्टिक! त्याचं कानाकडचं टोक सुटलं होतं. सुटलंय हे मला माहीत होतं हो, मीच त्याला सेलोटेप लावली होती! आता ती टेपही अर्धी सुटून साथीला फडफडत होती. वैशालीने स्वतःच्या हेल्मेटचं प्लास्टिक पहिल्याच दिवशी फाडून फेकलेलं.

"अगं, मग घरी का नाही बोललीस?"

"घरी? प्लास्टिकचा विषय काढायचा नाही, हा तह कुणाचा? म्हणून गाडीवर सांगायचे. आणि दर वेळी तुम्ही 'हो' म्हणायचात! मला काय आनंद झालेला! म्हटलं, माणूस सुधारला."

बोंबील उलटवणाऱ्या मावशींनी वर बघितलं. "काय वो, गाडी बिघडली हाय काय?"

"नाही मावशी," वैशाली म्हणाली. "गाडी चांगली आहे."

परतीच्या वाटेवर तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. तिच्या ऑफिसातल्या कुरबुरी, तिला पोहायला शिकायचंय ते, तिच्या आईचा गुडघा. इतके रविवार ती हे सगळं बोलत होती आणि मी नुसती मान हलवत होतो. खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

"अजून कशाकशाला हो म्हणालोय मी?" मी विचारलं.

"कळेल," ती म्हणाली.

तिला घरी सोडलं आणि तिन्ही विंडशील्ड घेऊन दुकान गाठलं. जिग्नेशभाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे सर, आपने तो प्लास्टिक भी नहीं निकाला! एकदम नया माल!" तिन्ही परत घेतली! कॉलर ताठ करून मी जिना चढलो. वैशालीला आज दाखवूनच देणार होतो, प्लास्टिक असं कामाला येतं!

दार उघडलं तर उंबऱ्याशी प्लास्टिकची भलीमोठी गुंडाळी, भंगारवाल्यासाठी ठेवलेली. आत एक मरून रंगाचा सोफा. आमचा सोफा मरून आहे, हे मी विसरूनच गेलो होतो.

"तुम्हीच हो म्हणाला होतात," वैशाली चहाचा कप पुढे करत म्हणाली. "गाडीवर."

मी कप घेऊन सोफ्यावर बसलो. टर्रर्र नाही, काही नाही.

"छान वाटतंय ना?"

"हो," मी म्हटलं. या वेळी मात्र प्रश्न ऐकून.