गवताचं मैदान

आमच्या गावात फुटबॉल खेळतात, यावर तुळजापुरातली माणसंसुद्धा विश्वास ठेवत नाहीत. जळकोटच्या अलीकडं, हायवेला लागून आमचं गाव. कधीकाळी बदलीवर आलेल्या एका मास्तरांनी हे वेड लावलं. मास्तर गेले, वेड राहिलं. खेळणारी पोरं टीमपुरती आहेत, आणि अक्कल पाजळणारे आम्ही. बाहेरगावची मॅच ठरली की टेम्पो आम्ही करतो, म्हणून टीमही आम्हीच ठरवतो. कॅप्टन बिचारा आमचं ऐकून घेतो आणि सगळा राग मैदानात ओरडून काढतो.

पंक्चरच्या दुकानापुढं ट्रकचे जुने टायर आडवे टाकलेत, तीच आमची बैठक. मधल्या टायरवर एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर काका. त्यांच्या शेजारी हातात पाना घेऊन पंक्चरवाला, कारण गिऱ्हाईक कधी येईल याचा नेम नसतो. मी माझं खतांचं दुकान बंद करून येतो. बैठकीचा एक नियम आहे. ज्या खेळाडूचं नाव निघेल, त्याच्या नात्यातल्या माणसानं उठून हायवेच्या कडेला जाऊन उभं राहायचं, हाक मारली की परत यायचं. मागं एकदा कुणाच्या तरी पुतण्यावरून गोष्ट गचांडी धरण्यापर्यंत गेली होती, तेव्हापासून हे सुरू झालं. आता गावात कोण कुणाचा नातेवाईक नाही? त्यामुळं बैठकीत सारखी उठबस चालते आणि वडापचे जीपवाले गिऱ्हाईक समजून गाडी हळू करतात.

आमचे गोलकीपर म्हणजे माझे दाजी. थोरल्या बहिणीला, अक्काला, गावातच दिलेली. दाजींची पिठाची गिरणी आहे, वय चाळिशीच्या पुढं. आमचं मैदान मुरमाचं. गोलकीपरनं बाजूला उडी घेतली की कोपर सोलून निघतं. दाजी सायकलची ट्यूब कापून कोपरांना गुंडाळतात, तरी व्हायचं ते होतंच. अक्का हळद लावते आणि हळद लावता लावता मास्तरांपासून सगळ्यांचा उद्धार करते.

सोलापूरची मॅच ठरली त्या आठवड्यात दाजी माझ्या दुकानात आले. काही घ्यायचं नव्हतं. युरियाच्या पोत्यावर टेकले, इकडचं तिकडचं बोलले आणि उठता उठता म्हणाले, "सोलापूरचं मैदान गवताचं हाय म्हणं."

"असंल," मी म्हणालो.

"इतकी वर्षं मुरमावर पडलो. एकदा गवतावर पडून बघावं म्हणतो. दुसऱ्या कुणाला म्हणलो न्हाय, हसतील. तुला म्हणून सांगतो."

आमच्याकडं जावई माणूस मेव्हण्यापुढं हात पसरत नाही. 'तुला म्हणून सांगतो' ही दाजींची मागणी होती आणि याच्या पुढं ते जाणार नव्हते. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

बैठक बसली. पुढचे दोघं सहज ठरले. बचावाच्या एका पोराचं नाव निघालं तेव्हा पंक्चरवाला, त्याचा मामा, उठून गेला आणि परत आला. मग काका म्हणाले, "आता गोलकीपरचं बघू." त्यांचं वाक्य संपायच्या आत मी उठलेला होतो.

एवढ्या तत्परतेनं मी कधी उठत नाही. कॉलेजातलं एक उंच पोरगं दोन महिन्यांपासून आमच्या गोलात सराव करत होतं आणि ते दाजींपेक्षा चांगलं होतं. सगळ्यांना दिसत होतं, मलाही दिसत होतं. बसून राहिलो असतो तर एक तर खोटं बोलावं लागलं असतं किंवा दाजींच्या विरोधात बोलावं लागलं असतं. नियमानं माझी सुटका केली. कडेला उभा राहून मी उसाचे ट्रॅक्टर बघत होतो आणि खरं सांगतो, मला हलकं वाटत होतं. तिथूनही परत जाऊन दोन वाक्यं बोलता आली असती. माझे पाय हलले नाहीत.

हाक आली. परत गेलो तर कुणी माझ्याकडं बघेना. काकांनी चहा सांगितला. "त्या पोराला उभा करू," ते म्हणाले. "तुझ्या दाजींना कॅप्टन सांगंल." मी मान डोलावली आणि चहा प्यालो.

रविवारी दाजी येऊ नयेत असं मला फार वाटत होतं. ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून, पाण्याचा जार खांद्यावर घेऊन, सगळ्यांच्या आधी टेम्पोपाशी हजर. टेम्पोकडं येताना अक्का मला तिच्या दारातूनच म्हणाली होती, "बरं झालं, एक रविवार तरी हळद वाचली." तिला बरं वाटलं, याचंही मला बरं वाटेना.

सोलापूरच्या मैदानावर खरंच गवत होतं. सकाळी पाणी मारलेलं, दाट, हिरवं. पोरं चपला काढून त्यावर नाचून आली. दाजी मात्र चुन्याच्या रेषेच्या बाहेर, आमच्या गोलामागं उभे राहिले आणि सगळी मॅच त्या पोराला ओरडून सांगत राहिले, डावीकडं सरक, पुढं ये, आता थांब. पोरगं छान खेळलं. एकदा तर पूर्ण आडवं होऊन त्यानं बॉल बाहेर काढला आणि शर्टावरचं गवत झटकत उठलं. आम्ही एका गोलनं जिंकलो.

मॅच संपल्यावर सगळे पाण्याच्या जारभोवती जमले. दाजी तिथंच गोलामागं उकिडवे बसून गवतावर तळहात दाबून बघत होते.

"तुझे दाजी काय हुडकायलेत तिथं?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं. काकांनी हातातला पाण्याचा ग्लास तसाच धरून ठेवला.

"आरं, मग सांगायचं न्हाय का? दोस्तीतली तर मॅच हाय. एक हाफ उभा केला असता की त्यांना."

"मी उठून गेलो होतो, काका. नियम हाय."

"नियम भांडणं व्हऊ नये म्हणून हाय. उठायच्या आधी एक शब्द बोलू नको म्हणून कोण म्हणलं तुला?"

मी दाजींकडं गेलो. "जावा की आत, दाजी. आता मैदान मोकळंच हाय. मी बॉल मारतो, तुम्ही झेला."

दाजी उठले, पँटला हात पुसले. "खेळ संपल्यावर काय लोळायचं? लोकं बघतील," म्हणाले आणि जार घ्यायला निघाले.

येताना पोरं टेम्पोत मागं उभी राहून गाणी म्हणत होती. केबिनमध्ये मागच्या सीटवर दाजी माझ्या शेजारी बसले होते. ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू वाईट वाटून घेऊ नको. उठायच्या आधी तू त्यांना गवताचं सांगितलंच असशील, मला म्हाईत हाय. तरी बी न्हाय घेतलं म्हंजी आपलाच खेळ उतरला. आता सोडलेलं बरं."

मी त्यांच्याकडं बघितलं. काका पुढच्याच सीटवर, सगळं ऐकू येण्याइतके जवळ होते, पण त्यांनी मान वळवली नाही.

"व्हय दाजी," मी म्हणालो. "सांगितलं होतं."