लाल ऑइलपेंटमधलं आडनाव

निघायच्या दिवशी सकाळी आप्पांनी माझ्या नव्याकोऱ्या बॅगेवर लाल ऑइलपेंटनं लिहिलं, ‘ढवळे, कवठे येमाई’. शेवंतीच्या क्रेटवर लिहायचे तसंच, त्याच ब्रशनं. मी रडकुंडीला आले. “आप्पा, विमानानं चाललेय मी, टेम्पोनं न्हाई!” आप्पा ब्रश रॉकेलात बुडवत म्हणाले, “माल कुठंबी जाऊ दे, नाव दिसाय पायजे.”

लंडनला पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी मी थिनर आणून ते नाव पुसून काढलं. आप्पांना हे सांगायला मला चार वर्षं लागली. तुमच्यापैकी जे गावाबाहेर पडले त्यांनीही काहीतरी पुसलंच असेल, म्हणून तुमच्यापुढं कबूल करायला लाज वाटत नाही.

मला एका चित्रसंग्रहालयात काम मिळालं, दालनात उभं राहून लोकांना माहिती सांगायचं. बिल्ल्यावर नुसतं ‘सू’. सुनंदा ढवळे म्हणताना समोरच्याची होणारी झटापट बघवेना, म्हणून ते मीच सुचवलं होतं. माझ्या दालनात एका फ्रेंच चित्रकाराची चित्रं आहेत. त्याचं आडनाव इथं लिहीत नाही, आपल्या अक्षरांत ते नीट बसतच नाही. शेवटचं अक्षर लिहायचं पण म्हणायचं नाही, आणि मधला सूर नाकातून काढायचा. आमच्या सीनिअर मार्गारेटबाईंनी पहिला आठवडाभर माझ्याकडून तेवढंच घोकून घेतलं.

मी थक्क झाले ती पुढंच. हा माणूस जाऊन जमाना झाला. पण माझं नाव दुसऱ्यांदा न विचारणारी इंग्रज माणसं त्याचं आडनाव जीभ सांभाळून उच्चारतात. चुकली तर लाजतात. आणि त्याच्या चित्राला कुणी चित्र म्हणतच नाही, सरळ आडनावच म्हणतात. ‘आमच्याकडे त्याची तीन चित्रं आहेत’ असं नाही, आडनाव घेऊन ‘ते आमच्याकडे तीन आहेत’ असं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. लहानपणी पुण्याच्या मार्केट यार्डात आमचा टेम्पो लागला की अडते ओरडायचे, “ढवळे आले! ढवळे उतरवून घ्या!” आप्पा तर खाली माझ्याशेजारीच उभे असायचे. उतरायचे ते शेवंतीचे क्रेट.

एकदा एक वयस्कर जोडपं चित्राच्या कोपऱ्यातली सही वाकून बघत होतं, अगदी श्वास रोखून. लाल रंग, जाड ब्रश, एका अंगाला कललेली अक्षरं. मला माझी बॅग आठवली. स्टाफरूममध्ये जाऊन मी पोटभर रडले.

रविवारी फोन लावला. “आप्पा, बॅगेवरचं नाव मी पुसलं.” आप्पा म्हणाले, “व्हय? मंग ये की घिऊन. रंगाचा डबा हाय अजून.”

दुसऱ्या दिवशी मी मार्गारेटबाईंकडे पूर्ण नावाचा बिल्ला मागितला. त्यांनी ‘सू’चा बिल्ला परत घेतला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, आता तुम्ही शिकवा म्हणाल्या. ‘ढ’ आणि ‘ळ’ त्यांना अजून जमलेले नाहीत. पण चुकल्या की लाजतात.

यंदा दिवाळीला कवठ्याला गेले. आप्पांनी रंगाचा डबा उघडला. त्यांनी ब्रश माझ्याच हातात दिला. अंगणात बॅग आडवी घालून मी आडनाव लिहिलं, दोन ओघळही आले. आप्पा चष्मा वर सरकवून बघत होते. “गाव ऱ्हायलं,” म्हणाले. मी गाव लिहिलं.

परतताना लंडनच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभी होते. एकसारख्या काळ्या-निळ्या बॅगा येत होत्या, माणसं आपली कुठली म्हणून चिठ्ठ्या वाचत होती. घर मागं राहिलं, असं मी इतकी वर्षं म्हणत आले होते. तेवढ्यात लांबून लाल अक्षरं दिसली, ओघळांसकट, माझ्याकडेच येणारी. मी एकटीच होते, तरी मोठ्यानं ओरडले, “ढवळे आले!”